हरणासाठी पहिली रायफल: बोल्ट घ्यावी की सेमी-ऑटो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या, रेंजवर थोडीफार नेमबाजी केलेल्या एकाला यंदा पहिल्यांदा व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जायचं आहे. मित्रमंडळी पेनसिल्व्हेनियात जातात, चुलतभाऊ टेक्सासमध्ये आहे. भाऊ म्हणतो, सेमी-ऑटो घे (हिच्यात दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरलं जातं), धक्का कमी बसतो आणि दुसरी गोळी लगेच सुटते. दुकानदार म्हणतो, बोल्ट घे (हिच्यात नळीमागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, दर वेळी हाताने मागे-पुढे करायचा), नेम अचूक लागतो. ऐकायचं कोणाचं?

दुकानदाराचं. पण त्याने दिलेल्या कारणासाठी नाही. अचूकतेचा मुद्दा हरणाच्या बाबतीत बराचसा फुगवलेला आहे. भावाचे दोन्ही मुद्दे खरे आहेत, पण निम्मेच. खरी कारणं वेगळीच आहेत, आणि त्यातलं पहिलं कायद्याचं आहे.

पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेंटरफायर रायफल (जिच्या काडतुसाचं पेटणारं टोपण बुडाच्या मध्यभागी असतं) चालते, पण ती हाताने चालवायची हवी. म्हणजे बोल्ट, लिव्हर, पंप किंवा एकनळी एकबारी. 2016 साली तिथल्या विधिमंडळाने सेमी-ऑटोबाबत नियम ठरवण्याचा अधिकार गेम कमिशनला, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याला, दिला. कमिशनने 2017 मध्ये लहान सावज आणि फरवाल्या प्राण्यांसाठी सेमी-ऑटो रायफलला परवानगी दिली, हरणासाठी नाही दिली. तेव्हा मित्रांबरोबर जायचं तर वादच मिटला. खुद्द न्यू जर्सीत तर हरणासाठी सेंटरफायर रायफल मुळातच चालत नाही. तिथे शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण. टेक्सासमध्ये सेमी-ऑटो खुशाल चालते, फक्त रिमफायर काडतूस (.22 सारखं, बुडाच्या कडेवर पेटणारं) हरणावर वापरता येत नाही. न्यूयॉर्क, मिशिगन, कोलोरॅडो इथे सेमी-ऑटो चालते, पण मॅगझीन (काडतुसांचा कप्पा) आणि चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) धरून सहाच काडतुसं. कोलोरॅडोत शिवाय गोळीचा व्यास किमान .24 इंच हवा, म्हणजे .223 बाद. व्हर्जिनियात .23, म्हणजे तिथेही .223 बाद. ओहायोत सरळ भिंतीच्या पुंगळीचीच (म्हणजे काडतुसाचं धातूचं नळकांडं तोंडाशी अरुंद न झालेलं) काडतुसं आणि एकूण तीनच. इलिनॉयमध्ये 2023 पासून रायफल आली, पण एकबारी. मुद्दा लक्षात येईल: बोल्ट रायफल घेतलीत तर जिथे रायफल चालते अशा बहुतेक राज्यांत ती नेता येते, सेमी-ऑटो घेतलीत तर प्रत्येक राज्यात नियमावली उघडून बघावी लागते. नियम दरवर्षी बदलतात, म्हणून हे वाचून थांबू नका, त्या वर्षीची पुस्तिका काढा.

(इतर देशांतल्या वाचकांसाठी: ब्रिटनमध्ये 1988 पासून, ऑस्ट्रेलियात 1996 पासून आणि न्यूझीलंडमध्ये 2019 पासून सामान्य शिकाऱ्याला सेंटरफायर सेमी-ऑटो मिळत नाही. जर्मनीत चालते, पण तीनच काडतुसं. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणाच्या शिकारीचा प्रश्नच उरत नाही.)

कायद्याचा आणखी एक पदर आहे आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने तो सगळ्यात महत्त्वाचा. एच-वन-बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायलाच मनाई आहे. त्याला जो अपवाद आहे तो शिकारीचा परवाना. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा परवाना हातात असेल तर मनाई लागू होत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, आणि कपाटातली रायफल त्या दिवसापासून गुन्हा. परवाना नूतनीकरणाची तारीख व्हिसाच्या तारखेइतकीच जपा. ग्रीनकार्डधारकांना हे बंधन नाही. राज्याचे नियम वेगळे असतातच. न्यू जर्सीत रायफल खरेदी करायलाच खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं आणि दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन चालत नाही. थोडी जरी शंका असेल तरी आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा.

आता अचूकतेचं बघू. हरणाच्या खांद्यामागे फुप्फुसं आणि हृदय यांची जागा साधारण 8 इंच व्यासाची धरतात. नाश्त्याच्या ताटलीएवढी. चांगली बोल्ट रायफल 100 यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात लावते. चांगली सेमी-ऑटो दीड ते दोन इंचांत लावते. 200 यार्डांवर दोन इंचांचे चार होतात, आणि 8 इंचांच्या ताटलीत चार इंच आरामात मावतात. पूर्वेकडच्या दाट जंगलात हरीण बहुतेक वेळा 100 यार्डांच्या आतच दिसतं. तिथे बंदुकीतला इंचभराचा फरक गेला कुठे कळत नाही, माणसाच्या हातातला फरक मात्र फुटाफुटाने दिसतो. 300 यार्डांवर तेच दोन इंच सहा होतात आणि मग माणसाच्या चुकीला जागाच उरत नाही. पण पहिल्या वर्षी 300 यार्डांवर बार काढायचाच नाही.

अचूकतेत जो फरक जाणवतो तो नळीपेक्षा चापामुळे. आजच्या बोल्ट रायफलींचा चाप अडीच ते चार पौंडांवर बसवता येतो. सॅव्हेजने असा चाप सुरुवातीला बाजारात आणला, मग सगळ्यांनाच द्यावा लागला. एआर पद्धतीच्या (एआर-15 च्या घडणीच्या सेमी-ऑटो) साध्या रायफलीचा कारखान्यातला चाप मात्र साडेपाच ते साडेआठ पौंडांपर्यंत असतो, आणि ओढताना मध्ये वाळू असल्यासारखा खरखरतो. साडेतीन किलोच्या रायफलीवर तेवढंच वजन बोटाने ओढायचं तर नळी हलणारच. सेमी-ऑटो घेतलीच तर पहिला खर्च चापावर करा. नंतर बाकीचं.

धक्क्याबद्दल भाऊ बरोबर आहे, पण कारण समजून घ्या. धक्क्याची एकूण बेरीज काडतूस आणि बंदुकीचं वजन यांवर ठरते. बंदूक कशी भरली जाते यावर नाही. सेमी-ऑटोत बोल्ट मागे जाताना स्प्रिंग दाबली जाते, त्यामुळे तोच धक्का जरा जास्त वेळात पसरतो. थप्पड बसण्याऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. शिवाय सेमी-ऑटो मुळात जड असते. एकाच काडतुसासाठी वजन 3.6 किलोवरून 4.4 किलोवर गेलं की धक्क्याची ऊर्जा साधारण 18 टक्क्यांनी घटते. पण ते 800 ग्रॅम दिवसभर, चढावर, बर्फात खांद्यावर वागवायचे तुम्हीच.

धक्का कमी करायचा याहून सोपा मार्ग म्हणजे काडतूस हलकं घेणं. .243 विंचेस्टरचा धक्का .30-06 च्या निम्म्याच्या आसपास असतो, आणि 95 ते 100 ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीने व्हाइटटेल व्यवस्थित पडतं. मध्यम हवं असेल तर 6.5 क्रीडमूर किंवा 7एमएम-08. .308 सुद्धा वाईट नाही, आणि त्याची काडतुसं गावच्या दुकानातही मिळतात. हा शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. सीझनच्या आदल्या संध्याकाळी काडतुसांची पेटी घरी विसरल्याचं लक्षात आलं, तर खेड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात .308, .30-06, .30-30 आणि .243 मिळण्याची आशा असते. बाकीचं नशीब.

धक्क्याचं आणखी एक कारण कोणी सांगत नाही. दस्ता लांब असणं. कारखान्याचा दस्ता चापापासून मागच्या टोकापर्यंत बहुधा साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतो. साडेपाच फुटांच्या माणसाला, वर जाड हिवाळी जाकीट घातल्यावर, तो हमखास लांब पडतो. मग रायफल खांद्याच्या खळग्यात न बसता दंडावर टेकते आणि धक्का हाडावर बसतो. मान पुढे ताणावी लागते, स्कोपमध्ये काळी चंद्रकोर दिसते. दुकानात जाताना जाकीट घालून जा, हसले तरी हसू दे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग डोळे उघडा. पूर्ण गोल दिसला पाहिजे. दिसला नाही तर दस्त्यातल्या पट्ट्या काढून तो कमी करता येणारं मॉडेल मागा.

आता दुसऱ्या गोळीचं. सगळा वाद तिथेच अडकतो.

सेमी-ऑटोत दुसरं काडतूस डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चेंबरमध्ये आलेलं असतं. पण धक्क्याने वर गेलेला स्कोप खाली येऊन, हरीण त्यात पुन्हा सापडून, काटा खांद्यामागे बसेपर्यंत सेकंदभर जातोच. सराव असलेला माणूस बोल्ट फिरवून, रायफल खांद्यावरून न काढता, दीड ते दोन सेकंदांत तयार असतो. फरक एवढाच. फुप्फुसांत लागलेलं हरीण तसंही 50 ते 100 यार्ड पळतं आणि मग पडतं. पळत्या हरणावर झाडांतून मारलेली दुसरी-तिसरी गोळी पोटात किंवा मागच्या पायात लागण्याचाच संभव जास्त, आणि तिथून पुढे अर्धी रात्र माग काढत फिरायचं. चाप पुन्हा ओढता येतो म्हणून तो ओढला जातो, सेमी-ऑटोच्या नवख्या वापरात दिसणारा दोष हा आहे. बोल्टमध्ये हाताला काम असतं, तेवढ्यात डोळा बघतो.

अर्थात बोल्टचीही स्वतःची चूक आहे, आणि ती पहिल्या हरणावर जवळजवळ ठरलेली: बोल्ट अर्धवट ओढणं. घाईत हँडल वर केलं, मागे नेलं, पण शेवटच्या अर्ध्या इंचाआधीच पुढे ढकललं. मग रिकामी पुंगळी बाहेर पडत नाही, किंवा पुंगळी पडते पण बोल्टचं तोंड पुढच्या काडतुसाच्या मागे पोचलेलंच नसतं. बोल्ट बंद होतो, चाप ओढला की ‘टिक्’. हरीण ऐकतं आणि जातं. मौझर घराण्याचा रुंद पंजा असलेल्या रायफली, उदाहरणार्थ विंचेस्टर 70 चा सध्याचा अवतार किंवा रुगर हॉकआय, काडतूस मॅगझीनमधून निघाल्याबरोबर पकडतात, त्यामुळे दोन काडतुसं एकावर एक अडकण्याचा प्रकार टळतो. पण अर्धवट ओढलं तर पंजाही काही करू शकत नाही. इलाज एकच. नकली काडतुसं आणा, खोलीत एकही खरं काडतूस नाही याची दोनदा खात्री करा, भिंतीवर एक ठिपका लावा, आणि रोज दहा मिनिटं: चाप, हँडल वर, कड लागेपर्यंत मागे, पुढे, खाली, ठिपका पुन्हा काट्यात. रायफल खांद्यावरून हलता कामा नये. पुंगळी कानाशेजारून उडून मागे पडली पाहिजे. तीन आठवड्यांत हात आपोआप शिकतो. टिक्कासारख्या रायफलीचं हँडल 70 अंशांतच उघडतं, जुन्या धर्तीच्या रायफलींचं 90 अंशांत. स्कोप मोठा असेल तर हा फरक बोटांना कळतो.

माझ्या मते नवख्यासाठी बोल्टची सगळ्यात मोठी बाजू वेगळी आहे, आणि ती पहाटे कळते.

पेनसिल्व्हेनियात सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढता येतो. म्हणजे अंधारातच मचाणावर बसायचं. रायफल रिकामी, बोल्ट उघडा, नळीचं तोंड खाली, अशी दोरीने वर ओढून घ्यायची. भरलेली बंदूक घेऊन शिडी चढायची नाही, यात अपवाद नाही. मग वर बसून, पट्टा बांधून, अंधारात काडतूस भरायचं. बोल्ट रायफलीत अंगठ्याने काडतूस दाबून बोल्ट हळूहळू पुढे सरकवता येतो. आवाज जवळजवळ नाहीच. सेमी-ऑटोत मात्र हँडल मागे खेचून सोडूनच द्यावं लागतं. स्प्रिंगच्या जोराने बोल्ट आदळतो, ‘खटॅक’. शांत पहाटे तो आवाज दूरवर जातो. म्हणून माणूस हँडल हातात धरून हळूच पुढे सोडतो, आणि इथेच फसतो. बोल्ट शेवटचे दोन-तीन मिलिमीटर फिरून कुलूपबंद होत नाही. बाहेरून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. सात वाजता हरीण येतं, चाप ओढला जातो, काही होत नाही. एआरमध्ये बोल्ट पुढे ढकलायचं वेगळं बटण असतं, हँडल बोल्टला कायम जोडलेलं असेल तिथे तळहाताने ठोकता येतं. पण ते करायचं असतं हे आठवलं पाहिजे. सेमी-ऑटो घेणाऱ्याने नियमच करावा: गाडीतून उतरल्यापासून कितीही शांतता पाळा, काडतूस भरताना मात्र आवाज होऊ द्या, आणि मग वीस मिनिटं गप्प बसा.

याच्याच जोडीला दुसरी गोष्ट. शिकारीच्या सात-आठ दिवसांत रोज सकाळी भरायचं, संध्याकाळी काढायचं, असं एकच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये जातं. सेमी-ऑटोत ते दर वेळी आदळत जातं आणि गोळी पुंगळीत थोडी थोडी आत सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. चेंबरमध्ये गेलेल्या काडतुसावर मार्करने रेघ मारा. दोन रेघा झाल्या की ते सरावाच्या डब्यात, किंवा नव्या काडतुसाच्या शेजारी उभं करून उंची बघा. कमी दिसलं तर वापरूच नका. तसंच सेमी-ऑटोतून काढलेल्या काडतुसाच्या टोपणावर सुईच्या टोकाएवढा खळगा दिसतो. घाबरू नका. अशा बऱ्याच रायफलींचा फायरिंग पिन मोकळा असतो, बोल्ट आदळताना तो टोपणाला हलकेच टेकतो.

रिकामी करण्याचा क्रम पाठ हवा. सेमी-ऑटोत आधी मॅगझीन बाहेर, मग बोल्ट मागे, मग चेंबरमध्ये नजर, मग करंगळी घालून खात्री, कारण संध्याकाळी अंधार असतो. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी बोल्ट ओढला आणि मग मॅगझीन काढलं, तर बाहेर पडलेलं काडतूस हातात घेऊन माणूस निर्धास्त होतो आणि दुसरं चेंबरमध्ये जाऊन बसलेलं असतं. बार काढल्यानंतरही तेच. हरीण पडलं की आनंदाच्या भरात लोक उठतात. बोल्ट रायफलीत पुन्हा बोल्ट फिरवला नसेल तर आत फक्त पुंगळी असते. सेमी-ऑटो त्या क्षणी भरलेली आणि चढवलेली असते, सेफ्टी उघडी. बोट चापावरून काढून सेफ्टी लावणं ही हालचाल बाराइतकीच सवयीची झाली पाहिजे.

बर्फाचं म्हणाल तर घसरून पडल्यावर नळीच्या तोंडात बर्फ किंवा चिखल गेला की नाही, हे बोल्ट रायफलीत पाच सेकंदांत कळतं. काडतुसं काढा, बोल्ट बाहेर काढा, नळी आभाळाकडे धरून मागून बघा. बहुतेक सेमी-ऑटो, पंप आणि लिव्हर रायफलींत मागून असं सरळ बघता येत नाही. अडथळा असलेल्या नळीतून बार काढला तर नळी फुगते किंवा फाटते. कोणतीही रायफल असो, तोंडावर वायरमनची काळी चिकटपट्टी एक थर लावून ठेवा. बार काढताना ती काढायची गरज नसते, गोळीच्या पुढची हवाच ती उडवून देते.

थंडीत दगा देतं ते तेल. उणे 15 अंशांत जाड तेल मधासारखं होतं. सेमी-ऑटोचा बोल्ट सुस्तावतो, पुंगळी नीट फेकली जात नाही. बोल्ट रायफलीत फायरिंग पिनच्या स्प्रिंगभोवती जुनं ग्रीस असेल तर पिन हळू पडतो आणि टोपण पेटत नाही. सीझनआधी बोल्ट उघडून सॉल्व्हंटने कोरडा करा आणि पातळ तेलाचा एक थेंब, बस. संध्याकाळी रायफल उबदार केबिनमध्ये आणू नका. धातूवर दव धरतं, पहाटे बाहेर नेलं की तेच गोठतं. थंड खोलीत किंवा गाडीत, केसमध्ये, कुलपात. आणायचीच असेल तर केसमध्येच बंद ठेवून हळूहळू गरम होऊ द्या, मग पुसा.

गॅसवर चालणाऱ्या सेमी-ऑटोचं पोट नाजूक असतं. नळीला एक छोटं भोक असतं, त्यातून आलेला गॅस पिस्टन किंवा बोल्ट मागे ढकलतो. काडतूस अगदी सौम्य असेल तर बोल्ट पुरता मागे जात नाही. धक्का कमी व्हावा म्हणून मिळणारी खास सौम्य काडतुसं बोल्ट रायफलीत छान चालतात, सेमी-ऑटोत मात्र बहुधा अडकतात. धक्क्याला घाबरून सेमी-ऑटो घेतली आणि मग सौम्य काडतुसं भरली, अशी दोन्हीकडून फजिती होते. स्वतः काडतुसं भरणाऱ्यांनी सेमी-ऑटोसाठी पुंगळी पूर्ण लांबीची आवळून घ्यावी. नुसती मान आवळलेली पुंगळी चेंबरमध्ये पूर्ण बसत नाही.

हाताने चालणारी म्हणजे फक्त बोल्टच असं नाही. पेनसिल्व्हेनियात पंपची जुनी परंपरा आहे. रेमिंग्टनची 760 ही 1952 ते 1981 बनली, पुढे 7600. सेमी-ऑटोला बंदी, पण दुसरा बार पटकन हवा, यातून ती तिथे रुळली. शॉटगनची सवय असलेल्या माणसाच्या हाताला ती लगेच बसते. तिचा तोटा म्हणजे पुढची मूठ चालताना थोडी खडखडते. लिव्हरवाली .30-30 ही दाट झाडीत, 150 यार्डांपर्यंत, अजूनही उत्तम. विंचेस्टर 94 किंवा मार्लिन 336. हलकी, सपाट, खांद्यावर झटकन येणारी. तिच्या नळीसारख्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकापाठी एक बसतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या टोपणाला टेकलेलं. म्हणून चपट्या टोकाची किंवा खास मऊ प्लॅस्टिक टोकाचीच गोळी. साधी टोकदार गोळी भरली तर धक्क्याने मॅगझीनमध्येच स्फोट होऊ शकतो. घोडा अर्धा चढवून ठेवणं, तो गारठलेल्या अंगठ्याने हळूच खाली सोडणं, हे नवख्याला वाटतं तितकं सोपं नसतं.

वापरलेल्या बाजारात रेमिंग्टन 742 स्वस्तात दिसेल, 1960 ते 1980 मध्ये बनलेली सेमी-ऑटो. घेण्याआधी बोल्ट मागे धरून आतल्या रुळांवर टॉर्च मारा. बोल्टच्या बारीक दातांनी रूळ कुरतडलेले, कडा उखडलेल्या दिसल्या तर सोडून द्या. ती झीज दुरुस्त होत नाही. तिच्या पुढच्या 7400 मध्ये चेंबरला गंज धरून पुंगळी अडकण्याची तक्रार असते, तिथे चेंबरचा ब्रश लागतो, नळीचा नाही.

मग सेमी-ऑटो घ्यावी कधी? तीन जणांना मी ती निःसंकोच सांगेन. एक, टेक्सासमध्ये रानडुकरं मारणारे. तिथे एका वेळी आठ-दहा डुकरं समोर असतात, आणि मुळात ती कमी करायचीच असतात. तिथे बोल्ट घेऊन बसणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. दोन, ज्यांच्या एका हाताला किंवा खांद्याला इजा आहे, बोल्ट फिरवणंच अवघड आहे. तीन, जे तीच रायफल वर्षभर रेंजवर वापरतात, तिचं मॅगझीन, सेफ्टी, अडकणं-सुटणं त्यांच्या हातात झोपेतही बसलेलं आहे. त्यांच्यासाठी ब्राउनिंग कंपनीची बीएआर (BAR) ही सेमी-ऑटो, 1967 पासून चालत आलेली, किंवा .308 मधली एआर-10 धर्तीची. युरोपात डुकरांच्या हाक्यात सेमी-ऑटोशी टक्कर देतात त्या ब्लेझरसारख्या, हँडल न फिरवता नुसतं मागे-पुढे करायच्या बोल्ट रायफली. उत्तम, पण महाग.

तुमच्यासाठी हिशोब असा मांडा. साधारण 500 ते 600 डॉलरांत रुगर अमेरिकन किंवा त्याच दर्जाची बोल्ट येते. तिकडे बीएआर घेतली तर दुकानात तेराशे-पंधराशेच्या पुढेच बोलणी. उरलेल्या पैशांतले 300 ते 400 डॉलर स्कोपवर घाला, 3-9 (म्हणजे 3 ते 9 पट मोठं दाखवणारा) पुरे, मोठी भिंग नकोत. स्कोप बसवायचा पाया आणि कड्या चांगल्या घ्या, आणि त्यांचे स्क्रू टॉर्क पानाने आवळा, अंदाजाने नाही. ‘स्कोप हलतो’ अशा तक्रारींत बरेचदा स्क्रूच ढिले निघतात. मग दोन-तीन वेगवेगळ्या पेट्या आणून कोणती गोळी त्या नळीला मानवते ते बघा, आणि जी मानवेल तिच्या एकाच लॉटच्या पाच पेट्या, म्हणजे 100 काडतुसं, एकदम घ्या.

वीस काडतुसांत झीरो करा, म्हणजे स्कोपचा काटा आणि गोळी लागते ती जागा जुळवून घ्या. .308 ला 150 ग्रेनची गोळी असेल तर 100 यार्डांवर सुमारे 2 इंच वर लागू द्या. मग 200 यार्डांवर बरोबर मध्ये बसते, 300 वर 8 इंच खाली जाते. पुढची साठ काडतुसं टेबलावरून मारू नका. गुडघ्यावर, मांडी ठोकून, झाडाच्या खोडाला हात टेकून, 50 आणि 100 यार्डांवर, कागदी ताटलीवर. दर वेळी एक बार, लगेच बोल्ट, पुन्हा नेम, दुसरा बार न काढता सेफ्टी. ज्या अंतरावर दहापैकी नऊ गोळ्या ताटलीत बसतात तेच तुमचं यंदाचं अंतर. उरलेली वीस सीझनसाठी. शेवटची तीन मात्र प्रवासानंतर, मुक्कामाला पोचल्यावर झीरो तपासायला वापरा, कारण गाडीच्या डिकीत रायफल कुठेतरी आपटलेली असतेच.

आणि ते नारिंगी जाकीट. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग, सगळ्या बाजूंनी दिसेल असा, सक्तीचा आहे. टोपी आणि बिनबाह्यांचं जाकीट, दोन्ही घ्या. दस्त्याची लांबी बघायला दुकानात जाल तेव्हा तेच जाकीट आतल्या हिवाळी कपड्यांवर चढवून जा.